ताशी १०० ला येणारी-जाणारी थरथर : गाडीच्या कामाच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

गाडी आठ वर्षं जुनी डिझेल सेडान. ओढ पुढच्या चाकांना. टायर १८५/६५ आर १५, रिम अ‍ॅलॉयचे, आधीच्या मालकाने बाहेरून बसवून घेतलेले.

तक्रार अशी की ताशी ९५ च्या पुढे गेलं की सीट आणि पायाखालचा पत्रा थरथरायला लागतो. स्टेअरिंगमध्येही जाणवतं, पण कमी. ८० ला काहीच नाही, ११५ च्या वर पुन्हा कमी. त्रासदायक भाग वेगळाच आहे. वेग तोच, रस्ता तोच, तरी थरथर येते, वाढते, विरते आणि थोड्या वेळाने परत येते. मेस्त्रीला शेजारी बसवून नेलं की नेमकी त्या पाच मिनिटांत गायब असते. दिवाळीआधी पंक्चर काढल्यापासून जास्त वाटते, असं घरातल्या सगळ्यांचं मत.

आतापर्यंत सुचवले गेलेले उपाय: इंजिन माउंटिंग बदला, ड्राइव्ह शाफ्ट बदला, चारही टायर बदला. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट झालेलं आहे, मशीनने चारही चाकांवर शून्य दाखवलं होतं. यातलं एकही काम स्वस्त नाही, आणि कुणीही थरथर मोजलेली नाही. वाळूजच्या कारखान्यात माझं काम देखभाल विभागातलं. तिथे पंखा किंवा मोटर थरथरली तर आधी वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती वेळा हादरते ते बघतो, मग पान्याला हात लावतो. गाडीला वेगळा न्याय का लावायचा?

वेगात चाचणी घेण्याआधी सुरक्षिततेची तपासणी आज उरकली. चारही चाकांचे नट घट्ट आहेत. टायरच्या बाजूंवर फुगवटा नाही, माथ्यावर कुठे गाठ किंवा उंचवटा हाताला लागत नाही. हे आधी बघायलाच हवं. टायरच्या आतला तारांचा पट्टा सुटायला लागला की अशीच थरथर येते आणि तसल्या टायरवर १०० ला जाणं म्हणजे जिवाशी खेळ. पट्टा सुटलेला टायर बहुतेक वेळा ३०-४० लाच गाडी डुलवतो, आपल्याकडे तसं नाही. टायरवरचा आकडा २३२१, म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. साडेचार वर्षं झाली, नक्षी पुरेशी आहे.

जॅकवर एकेक चाक उचलून वर-खाली आणि डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवलं. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, बेअरिंग, कशातही खेळ नाही. हाताने फिरवताना घरघर नाही. ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट अखंड, ग्रीस बाहेर आलेलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज फक्त कागदावरचं काम.

टायरवर खडूने खूण केली, गाडी अंगणात सरळ ढकलली आणि एका फेरीचं अंतर टेपने मोजलं. १ मीटर ९० सेंटिमीटर. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. भागाकार १४.६. म्हणजे १०० ला चाक सेकंदाला १४.६ वेळा फिरतं, आणि चाकात कुठेही जड बाजू किंवा वाकडेपणा असेल तर थरथर १४.६ हर्ट्झला दिसली पाहिजे. ब्रेकची डिस्क आणि शाफ्टचा दांडा चाकाबरोबरच फिरतात, त्यांचा हिशोबही तोच.

शाफ्टचा गिअरबॉक्सकडचा जॉइंट तीन रोलरचा असतो. तो झिजला तर एका फेरीत तीन हादरे देतो, म्हणजे ४४ हर्ट्झ, आणि तेही अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावरच. पाचव्या गिअरमध्ये १०० ला इंजिन २०५० आरपीएमच्या आसपास असतं. त्याची एक फेरी ३४ हर्ट्झ, आणि चार सिलिंडरच्या इंजिनाचा मुख्य हादरा त्याच्या दुप्पट, ६८.

तीन संशयित, तिघांचे आकडे एकमेकांपासून लांब. गोंधळ होणार नाही.

मोबाइलमधला त्वरणमापक, म्हणजे हादरे मोजणारा सेन्सर, यासाठी पुरतो. आखेनच्या विद्यापीठाने बनवलेलं फायफॉक्स हे ॲप मोफत आहे, त्यात त्वरणाचा वर्णपट, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती थरथर आहे त्याचा आलेख, थेट दिसतो. फक्त फोन सेकंदाला किती नमुने घेतो ते तपासावं लागतं. माझा जुना फोन १०० घेतो, त्यामुळे ५० हर्ट्झच्या वरचं तो खरं सांगू शकत नाही. इंजिनाचा ६८ चा हादरा त्याच्यात ३२ ला उमटेल आणि उगाच ३४ च्या शेजारी जाऊन बसेल. भावाचा फोन २०० घेतो. तोच वापरायचा.

आणखी एक हिशोब करून ठेवला, कारण ‘एवढ्याशा वजनाने काय होतंय’ हे वाक्य फार ऐकलंय. रिमच्या कडेवर ३० ग्रॅमचा फरक असेल तर १०० ला तो जवळजवळ ५ किलोच्या जोराने चाक ओढतो, सेकंदाला १४ वेळा दिशा बदलत. ५० ला तोच जोर सव्वा किलोच्या आसपास. वेग दुप्पट, जोर चौपट.

मग ११५ च्या वर कमी का होतं? चाक आणि सस्पेन्शनचा खालचा भाग टायरच्या लवचिकतेवर स्वतःच्या लयीत उड्या मारू शकतो, आणि मोटारींत ती लय साधारण १० ते १५ हर्ट्झमध्ये पडते. चाकाच्या फेऱ्या त्या लयीशी जुळल्या की थोडा दोषही मोठा होऊन सीटपर्यंत येतो. पुढे वेग वाढला की जुळणी सुटते. ९५ ते ११० म्हणजे १४ ते १६ हर्ट्झ. आपली गाडी या पट्ट्याच्या वरच्या टोकाला बोलते आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी लवकर निघालो. सावंगीच्या इंटरचेंजवरून समृद्धीवर चढून जालन्याच्या बाजूला, तिथून परत. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, त्यामुळे १०० ते ११० ला नियमात राहून चाचणी होते, आणि सलग सरळ रस्ता मिळतो. धाकटा भाऊ चालवायला. मी शेजारी, फोन माझ्या सीटच्या रुळाला पट्टीने घट्ट बांधलेला. फोन हातात धरून किंवा डॅशबोर्डच्या स्टँडवर ठेवून मोजण्यात अर्थ नाही, स्टँड स्वतःच नाचतो. वेग जीपीएसवरचा घेतला. आमचा स्पीडोमीटर १०५ दाखवतो तेव्हा खरा वेग १०० असतो.

पहिल्या पाच मिनिटांतच वर्णपटात दोन शिखरं आली. एक ६.२ हर्ट्झला. ते रस्त्याचं. १०० च्या वेगाला ६.२ म्हणजे साडेचार मीटरला एक गचका, काँक्रीटच्या दोन पाट्यांमधल्या सांध्यांचं अंतर तेवढंच. हा आकडा ओळखून बाजूला ठेवला, नाहीतर तोच गाडीचा दोष वाटला असता. दुसरं शिखर बरोबर १४.६ ला. ४४ ला काही नाही. ३४ ला आणि ६८ ला बारीक रेघा, कुठल्याही डिझेल गाडीत असतात तेवढ्या.

मग एकेक गोष्ट बदलत गेलो. मागे-पुढे वाहन नसताना थरथर चालू असतानाच भावाने क्लच दाबला. आरपीएम खाली पडला, थरथर तशीच. इंजिन आणि माउंटिंग यादीतून बाहेर. तोच वेग चौथ्या गिअरमध्ये, शिखर जागचं हललं नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबून चढवला, पूर्ण सोडला, काही फरक नाही. शाफ्टचा आतला जॉइंट बाहेर. हलका ब्रेक लावला, पेडलमध्ये ठोके नाहीत, स्टेअरिंग हललं नाही. डिस्कही बाहेर.

राहिली चाकं. टायर, रिम, किंवा ते जिथे बसतात ती जागा.

परतीच्या वाटेवर भावाला सांगितलं की तू फक्त समोर बघ आणि जाणवलं की तोंडाने सांग. मी पडद्यावर १४.६ च्या शिखराची उंची बघत होतो.

“दादा, आली.” शिखर चढलेलं. “वाढतेय… वाढतेय… आता गेली.” शिखर तळाला. थोड्या वेळाने पुन्हा, “आली बघ.”

त्याच्या अंगाला जे कळत होतं आणि पडद्यावर जे दिसत होतं ते हुबेहूब एकमेकांवर बसत होतं. सरळ रस्त्यावर दर २७ सेकंदांनी एक लाट. सगळ्यात वर ०.३५, सगळ्यात खाली ०.०८ मीटर प्रति सेकंद वर्ग. मधूनच येते म्हणून जी थरथर हाती लागत नव्हती, ती मधूनही ठरलेल्या वेळेलाच येते.

वेग ११० केला तेव्हा लाट लवकर यायला लागली, २४-२५ सेकंदांनी. पण अंतर काढलं तर दोन्ही वेळा तेच, पाऊण किलोमीटर. लाट घड्याळावर चालत नाही, रस्त्याच्या लांबीवर चालते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काल रात्री झोपायला उशीर झाला, पण हा पाऊण किलोमीटरचा आकडा सोडवल्याशिवाय चैन पडलं नसतं.

एकाच चाकात दोष असता तर १०० ला थरथर कायम सारखी राहिली असती. ती कमी-जास्त होते याचा अर्थ दोषी चाकं दोन आहेत आणि त्यांच्या फेऱ्या एकमेकांपासून किंचित वेगळ्या आहेत. दोघांच्या जड बाजू एकाच वेळी वर आल्या की हादरे एकमेकांत मिळतात, एक वर आणि एक खाली असली की एकमेकांना मारतात. तानपुऱ्याच्या जोडीच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या की आवाज जसा फुगतो आणि ओसरतो, तसंच हे.

पाऊण किलोमीटरमध्ये एक चाक दुसऱ्यापेक्षा पूर्ण एक फेरी जास्त फिरतं. ७५० मीटरमध्ये साधारण ३९५ फेऱ्या होतात, म्हणजे फरक हजारात अडीच. १.९० मीटरच्या परिघावर तो येतो पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास, व्यासात दीड मिलिमीटर. टायरची झीज, हवेचा थोडा फरक आणि गाडी ओढणाऱ्या चाकाचं बारीकसं घसरणं, एवढ्यात हा फरक सहज भरून निघतो. यात बिघाड काही नाही, कुठल्याही गाडीची दोन चाकं मिलिमीटरपर्यंत सारखी नसतात.

वळणाचंही उत्तर यातच आहे. पूल चढून वळलं की थरथर जाते असं भाऊ नेहमी म्हणायचा. आपल्या गाडीच्या डाव्या-उजव्या चाकांत १.४७ मीटरचं अंतर आहे. रस्ता नुसता ३० अंशांत वळला तरी बाहेरचं चाक आतल्यापेक्षा ७७ सेंटिमीटर जास्त चालतं, म्हणजे अर्ध्या फेरीच्या जवळ एका वळणातच सरकतं. मिळालेले हादरे एकमेकांना मारायला लागतात आणि गाडी एकदम शांत होते. गाडी बरी झाली असं वाटतं आणि माणूस गॅरेजला जायचं पुढे ढकलतो. मेस्त्रीला न्यायचो तो शहरातून, पाच-सात वळणं घेत, आणि चाचणी व्हायची दोन मिनिटांची. त्याला थरथर मिळाली नाही यात त्याचा काहीच दोष नव्हता.

यावरून वळण हाही पुरावा धरता येतो. वळणाने थरथर बदलते म्हणजे दोषी चाकं दोन वेगळ्या बाजूंची असली पाहिजेत. एक डावीकडचं, एक उजवीकडचं.

कालच्या नोंदी पुन्हा बघताना अजून एक दिसलं. जालन्याकडे जाताना जिथे रस्ता थोडा चढतो तिथे लाटा कमी अंतराने येतात, उतारावर जास्त अंतराने. चढावर ओढणारी चाकं जरा जास्त घसरतात. म्हणजे दोघांपैकी एक पुढचं आणि एक मागचं असण्याची शक्यता मोठी. दोन्ही पुढची असती तर चढाचा परिणाम दोघांवर सारखाच झाला असता.

आणि दोघांचा वाटाही काढता येतो. बेरीज ०.३५, वजाबाकी ०.०८. म्हणजे एकाचा वाटा ०.२१ च्या आसपास, दुसऱ्याचा ०.१३ ते ०.१४.

एकही नट न सोडता एवढं कळलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

आजचं काम स्टेपनीचं. स्टेपनी त्याच मापाची आहे, टायर दोन वर्षांपूर्वीच बदललेला, फक्त रिम लोखंडी आणि गाडीच्या कंपनीचा. लोखंडी रिमचे मूळ नट वेगळे असतात, ते डिक्कीतल्या डब्यात सापडले. अ‍ॅलॉयचे नट लोखंडी रिमला लावायचे नाहीत, बसण्याची जागा वेगळी असते.

पद्धत साधी. एकेक चाक काढून त्या जागी स्टेपनी, प्रत्येक वेळी तोच सरळ पट्टा, तोच वेग. समृद्धीवर गाडी थांबवता येत नाही, थांबवूही नये, त्यामुळे दर वेळी बाहेर पडून सपाट सिमेंटच्या जागेवर अदलाबदल. वेळखाऊ काम, भावाने निमूटपणे साथ दिली.

पुढचं उजवं काढून स्टेपनी लावली. फरक नाही, लाटा तशाच. ते चाक निर्दोष. काढताना रिमच्या मधल्या भोकात काळी प्लास्टिकची रिंग दिसली, नोंद केली.

पुढच्या डाव्या जागी स्टेपनी लावली आणि लाटा गेल्या. शिखर ०.१३ वर स्थिर, पूर्ण पट्ट्यात हललं नाही. सोमवारी कागदावर काढलेला दुसऱ्या चाकाचा वाटा तेवढाच होता. भावाला मी आकडा आधीच सांगून ठेवला होता. तो पडद्याकडे बघून म्हणाला, “दादा, हे तर गणितातलंच आलं.” कारखान्यातही असं रोज होत नाही.

काढलेल्या डाव्या चाकाच्या भोकात रिंग नव्हती.

डावं चाक परत लावलं, त्याच बोल्टवर, खडूच्या खुणा जुळवून, त्याच क्रमाने. आणि स्टेपनी मागच्या उजव्या जागी. पुन्हा लाटा नाहीत. म्हणजे दुसरं चाक मागचं उजवं. पण स्थिर आकडा यायला हवा होता ०.२१, आला ०.२७. तेच डावं चाक, त्याच जागी, काही तासांत जास्त वाईट झालं. चाक जर दर वेळी त्याच ठिकाणी बसत असेल तर असं होऊ शकत नाही. ते दर वेळी थोडं वेगळ्या ठिकाणी बसतंय.

घरी येऊन व्हर्निअर लावला. गाडीच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, मधला उंचवटा ५४.१ मिलिमीटर. अ‍ॅलॉय रिमचं भोक ७३.१. बाजारात मिळणारे रिम अनेक गाड्यांना चालावेत म्हणून भोक मुद्दाम मोठं ठेवतात आणि मधली पोकळी भरायला रिंग देतात. रिंग असली की चाक हबवर नेमकं मध्यावर बसतं, मग नट आवळायचे. रिंग नसली तर चाक मध्यावर आणण्याचं सगळं काम चार नटांच्या तिरप्या तोंडांवर पडतं. पहिला नट न्यूमॅटिक गनने जोरात आवळला की चाक त्या बाजूला सरकून तिथेच अडकतं.

पंक्चर निघालं होतं ते पुढच्या डाव्या चाकाचंच. रिंग तेव्हाच पडली असणार. काळं प्लास्टिक, दुकानाच्या काळ्या जमिनीवर कुणाच्या नजरेस पडणार?

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कारखान्यातून डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप, परवानगीने घरी आणला. पुढच्या डाव्या हबच्या तोंडाला लावून फिरवलं, काटा ०.०३ मध्ये. हब आणि बेअरिंग उत्तम. मग चाक लावून रिमच्या कडेवर लावला. काटा १.२ मिलिमीटर हलला. हेच रिम ओळखीच्या टायरवाल्याच्या बॅलन्सिंग मशीनवर चढवून मोजलं तर ०.२.

म्हणजे रिम सरळ आहे, टायर ठीक आहे, गाडीवर बसताना मात्र चाकाचं केंद्र अर्ध्या मिलिमीटरने सरकतं. चाक आणि टायर मिळून १६ किलोचे. १६ किलो अर्धा मिलिमीटर सरकले तर परिणाम रिमच्या कडेवर ४२ ग्रॅम चिकटवल्यासारखा होतो, १०० ला ७ किलोचा जोर. शिवाय टायर त्या बाजूला दर फेरीला अर्धा मिलिमीटर जास्त दाबला जातो ते वेगळंच. हे बॅलन्सिंग मशीनला कधीच दिसणार नाही. मशीन चाकाला स्वतःच्या कोनवर (शंकूवर) मध्यावर धरतं, गाडीच्या हबवर नाही. शून्य दाखवणारं मशीन खोटं बोलत नव्हतं, ते त्याच्यापुरतं खरं सांगत होतं.

मागच्या उजव्या चाकाचं कारण अगदी वेगळं निघालं. रिंग होती, पण चिरलेली. खरा गुन्हेगार आतल्या बाजूला होता. रिमच्या खोबणीत काळ्या मातीचा वाळलेला थर, दगडासारखा घट्ट. पावसाळ्यात शेतात जाणं-येणं झालं, काळी माती आत जाऊन बसली, फवाऱ्याने वरवर धुतल्यावर निघाली नाही. लाकडी पट्टीने खरवडून वजन केलं, ३८ ग्रॅम. आणि त्याच रिमवर चौकोनी स्वच्छ डाग, कडेला गोंदाची रेघ. तिथलं चिकटवलेलं वजन पडलंय.

२६ नोव्हेंबर, बुधवार

रिंगा बाजारात प्लास्टिकच्या मिळतात. ब्रेकच्या उष्णतेने मऊ पडतात आणि चिरतात, आपल्या एका रिंगेचं तेच झालं. चारही अ‍ॅल्युमिनिअमच्या करून घ्यायचं ठरवलं. वाळूजला लेथच्या दुकानात ओळखीचे टर्नर आहेत, त्यांना हबचं आणि रिमचं माप लिहून दिलं, नमुन्याला चांगली रिंगही दिली.

ते म्हणाले, “साहेब, आतून घट्ट करू का? ठोकून बसेल.” नको. ठोकून बसलेली रिंग पुढच्या पंक्चरला हबवरून निघणार नाही आणि टायरवाला हातोडा घेईल. हाताने सरकेल, पण डगडगणार नाही, आतून पाच शतांश मिलिमीटर सैल. आणखी एक महत्त्वाचं, आतल्या कडेला चॅम्फर, म्हणजे तिरपी कापलेली कड. हबच्या मुळाशी गोलाई असते, चॅम्फर नसला तर रिंग तिच्यावर अडते, पूर्ण आत जात नाही आणि चाक हबच्या तोंडाला टेकत नाही. तो दोष रिंग नसण्यापेक्षा धोकादायक.

२९ नोव्हेंबर, शनिवार

रिंगा मिळाल्या, सुरेख काम. बोटाने फिरवल्या तर आवाजही नाही.

चारही हबची तोंडं तारेच्या ब्रशने घासली. गंजाचा पापुद्रा राहिला तर चाक तिरकं बसतं. रिंगेच्या आतून ग्रीसचा अगदी पातळ हात, कारण अ‍ॅल्युमिनिअम आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना धरतात. नटाच्या तिरप्या तोंडावर किंवा बोल्टवर ग्रीस लावलं नाही. तिथे लावलं की ठरलेला टॉर्क (आवळण्याचा जोर) देताना बोल्ट जास्त ताणला जातो.

बॅलन्सिंगला स्वतः उभा राहिलो. टायरवाल्या काकांना आधीच सांगितलं की शून्य आल्यावर चाक सैल करून अर्ध्या फेरीने फिरवून पुन्हा लावा आणि परत बघू. पहिल्याच चाकाला शून्य-शून्य आलं, अर्धी फेरी फिरवून लावल्यावर १५ ग्रॅम. म्हणजे मशीनवरही चाक मध्यावर बसत नव्हतं. काकांनी कोन काढून पुसला, रिमच्या भोकाच्या कडेवरची माती काढली, मग दोन्ही वेळा ५ च्या आत. ते म्हणाले, “असं कुणी करायला सांगत नाही. पण बरोबर आहे, आता रोज एक चाक असं बघत जाईन.” पुढे प्रत्येक चाकाला त्यांनी स्वतःहून तसंच केलं. बऱ्याच मशीनवर ५ ग्रॅमच्या खालचा फरक शून्य म्हणूनच दिसतो, हेही त्यांनीच सांगितलं, आणि बटण दाबून खरा आकडा दाखवला.

बसवताना गाडी जॅकवरच, चाक हवेत. नट हाताने पूर्ण फिरवले, मग समोरासमोरच्या जोड्यांनी हलके आवळले, गाडी खाली उतरवली आणि टॉर्क रेंचने पुस्तकातल्या आकड्यावर. गन वापरू दिली नाही.

पुढच्या डाव्या रिमवर डायल गेज पुन्हा लावला. ०.२५. चाक काढलं, परत लावलं, ०.२५.

३० नोव्हेंबर, रविवार

तोच पट्टा, तोच भाऊ, फोन त्याच रुळाला. १०० ला १४.६ वर ०.०५, स्थिर. ११० ला तेवढंच. ६.२ चा रस्त्याचा गचका आता स्पष्ट कळतो, आधी तो थरथरीखाली दबलेला होता. परतताना आई मागे बसली होती. तिला काही सांगितलं नव्हतं. टोलनाक्याजवळ म्हणाली की आज बाटलीतलं पाणी हलत नाहीये.

७ डिसेंबर, रविवार

साधारण १०० किलोमीटर झाल्यावर नटांचा टॉर्क पुन्हा तपासला, पुढच्या डाव्या चाकाचा एक नट पाव फेरीच्याही आत फिरला, बाकी जागेवर. अ‍ॅलॉयला पहिल्यांदा बसवल्यावर हे करावंच.

इंजिन माउंटिंग, ड्राइव्ह शाफ्ट आणि टायर, तिन्ही जुनेच आहेत आणि तिन्ही ठीक आहेत. टायर २०२१ चे असल्यामुळे पुढच्या वर्षी वय बघून बदलायचे, थरथरीसाठी नाही.

डिक्कीत जॅकच्या खणाच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवलं: ‘चाक काढल्यावर मधली चांदी रंगाची रिंग बघा. ती हबवर राहते किंवा रिममध्ये अडकते. रिंगेशिवाय चाक लावू नका. नट हाताने सुरू करा, गन नको.’ पाचवी जादा रिंग टर्नरकडून करून आणली आहे, ती पान्याच्या पिशवीत आहे.